'एका वर्षात डिग्री' विकणाऱ्या मेसेजचा मुद्देसूद प्रतिवाद

कोल्हापुरातल्या बचत गटांच्या, सोसायट्यांच्या आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मथळा आहे, 'तिशीनंतर कॉलेजला नाव घालणाऱ्यांनो, सावध व्हा'. खाली सात मुद्दे आहेत. दूरशिक्षणाची पदवी सुप्रीम कोर्टानं रद्द केली आहे. वय झालं की प्रवेश मिळत नाही. फी भरली की पुस्तकं नाहीत, शिक्षक नाहीत, कुणी ओळखही देत नाही. शिष्यवृत्ती फक्त रोज कॉलेजला जाणाऱ्यांना मिळते. दिव्यांगांना लेखनिक, म्हणजे सांगेल तसा पेपर लिहून देणारा माणूस, देत नाहीत. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे अर्ज बाद होतात. आणि सातवा मुद्दा असा की, या कटकटीपेक्षा 'मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटीची डिग्री एका वर्षात, एकाच बैठकीत' घ्या. त्याखाली एक मोबाइल नंबर दिलाय.

माझ्या भावजयीनं बी.ए.चा अर्ज भरायला घेतला होता. हा मेसेज वाचून तिनं कागद बाजूला ठेवले आणि त्या नंबरवर फोन करू का, असं विचारलं. म्हणून उत्तर द्यायला सातव्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो. आधीचे सहा मुद्दे माणसाला घाबरवून त्या नंबरापर्यंत न्यायलाच लिहिलेत.

एका वर्षात पदवी होत नाही. रोज कॉलेजला जाऊन होत नाही, घरी बसून होत नाही आणि ऑनलाइनही होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, मुक्त व दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी २०२० चे स्वतंत्र विनियम आहेत. दूरशिक्षणातली बी.ए. किंवा बी.कॉम. नेहमीच्या कॉलेजपेक्षा कमी मुदतीत देता येत नाही. हिशेब करून बघा. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचा ३० तासांचा अभ्यास. तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक धरले तर ३,६०० तास होतात. ते एका वर्षात बसवायचे तर वर्षभर एकही सुट्टी न घेता रोज जवळजवळ दहा तास अभ्यास करावा लागेल. पॉवरलूमवर पाळी करणारा किंवा घरचं सगळं उरकून पुस्तक उघडणारी बाई हे कुठून करणार? 'एकाच बैठकीत' देणारा माणूस अभ्यास करून घेतच नाही, तो कागद छापून देतो. तो कागद नोकरीच्या ठिकाणी दिला की पडताळणीला विद्यापीठाकडे जातो आणि 'आमच्याकडे नोंद नाही' असं उत्तर येतं. पैसे तर जातातच, वर बनावट कागद खरा म्हणून वापरल्याचा गुन्हा कागद देणाऱ्या विद्यार्थ्यावर लागतो. तोवर एजंटाचा नंबर बंद झालेला असतो.

या लोकांच्या युक्त्या ठरलेल्या आहेत. पहिली युक्ती म्हणजे विद्यापीठाचं नाव खरं सांगायचं, पण त्या विद्यापीठाला तो अभ्यासक्रम दूरशिक्षणानं चालवायची परवानगीच नसते. दुसरी, परराज्यातल्या राज्य किंवा खासगी विद्यापीठाचं 'स्टडी सेंटर' एखाद्या गाळ्यात थाटायचं. अशा विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर दूरशिक्षणाचं केंद्र उघडता येत नाही, आणि केंद्र एखाद्या क्लासवाल्याला चालवायला देणं तर कुठल्याच विद्यापीठाला चालत नाही. तिसरी युक्ती जास्त फसवी आहे. राज्याबाहेरचं कसं चालतं असं विचारलं की 'आमचं ऑनलाइन आहे' असं सांगतात. ऑनलाइनला राज्याची हद्द लागत नाही हे खरं, पण ऑनलाइनची परवानगी वेगळी असते आणि तिची यादीही वेगळी. दूरशिक्षणाची परवानगी दाखवून ऑनलाइन प्रवेश देता येत नाही. चौथी युक्ती मागच्या तारखेच्या प्रवेशाची, म्हणजे आज आलेल्याचा प्रवेश जुन्या वर्षातला दाखवायचा, आणि ती उघड बनावटगिरी आहे.

खात्री करायला दहा मिनिटं लागतात. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर मान्यता असलेल्या विद्यापीठांची यादी असते. तिथं विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव आणि शैक्षणिक वर्ष-सत्र या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. लोक फक्त विद्यापीठाचं नाव बघतात आणि तिथंच फसतात. गेल्या वर्षीची परवानगी यंदा असेलच असं नाही.

२०२४-२५ पासून दूरशिक्षणात किंवा ऑनलाइन प्रवेश घेताना विद्यार्थ्याचा स्वतःचा डीईबी आयडी लागतो. त्याआधी डिजिलॉकरमधून एबीसी आयडी काढावा लागतो, त्यात श्रेयांक जमा होतात. यासाठी आधारला जोडलेला मोबाइल हातात हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. नेट कॅफेवाला किंवा एजंट 'मी करून देतो' म्हणत स्वतःचा ईमेल आणि नंबर घालतो. पुढं पासवर्ड विसरला की खातं त्याच्या ताब्यात राहतं आणि प्रत्येक वेळी त्याच्या दारात जावं लागतं. आयडी एकदाच निघतो, म्हणून तो स्वतःच्या फोनवरूनच काढा. फी विद्यापीठाच्या पोर्टलवर भरा. कुणाच्या खासगी यूपीआयवर एक रुपयाही पाठवू नका.

आता सुप्रीम कोर्टाचं. मेसेजनं ज्याची मोडतोड केली आहे तो निकाल ३ नोव्हेंबर २०१७ चा. काही अभिमत विद्यापीठांनी मान्यता न घेता दूरशिक्षणानं अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या, त्याबद्दलचं ते प्रकरण होतं. बी.ए., बी.कॉम., एम.ए.शी त्याचा संबंध नाही. उलट २०२० च्या विनियमांतला २२ वा विनियम स्पष्ट आहे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणातली किंवा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पद्धतीनं मिळालेल्या पदवीच्या समकक्ष धरायची. हेच यूजीसीनं २ सप्टेंबर २०२२ ला पुन्हा सूचना काढून सांगितलं. बँकेत, कंपनीत किंवा सरकारी कार्यालयात कुणी 'दूरशिक्षणाची चालत नाही' म्हणालं तर ती सूचना छापून समोर ठेवा. वाद घालत बसायची गरज नाही.

यात थोडं तथ्य आहे, ते सांगितलं पाहिजे. सगळेच अभ्यासक्रम दूरशिक्षणानं होत नाहीत. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, वास्तुशास्त्र, कायदा, हॉटेल मॅनेजमेंट हे बंदच आहेत. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र यांचेही नवे प्रवेश बंद झाले. 'सायकॉलॉजी घरी बसून' अशी जाहिरात दिसली तर लांब राहा. बारावी झालेली नसेल तर आधी ती १७ नंबरच्या फॉर्मनं (राज्य मंडळाला बाहेरून बसायचा अर्ज) किंवा एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून पूर्ण करा. बारावी वगळून मिळवलेली पदवी पुढं भरतीत अडू शकते.

वयाचा मुद्दा एका ओळीचा आहे. दूरशिक्षणाच्या बी.ए.-बी.कॉम.ला वयाची वरची मर्यादा नाही. मर्यादा असते ती नोकरीला. राज्य सेवेत साधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षं. फक्त सरकारी भरतीसाठीच शिकणार असाल तर हे आकडे आधी बघा.

'फी भरली की कुणी ओळख देत नाही' हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण काही ठिकाणी तसा अनुभव येतो आणि म्हणूनच लोकांचा मेसेजवर विश्वास बसतो. फोन उचलत नाहीत, संपर्क वर्गाची तारीख आदल्या दिवशी कळते, पुस्तकाची गठ्ठी उशिरा येते. पण कुणी विचारत नाही म्हणजे सोयच नाही, असं होत नाही. सोय मागून घ्यावी लागते.

आपल्याकडं दोन मोठे रस्ते आहेत. शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षण केंद्र, आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं कोल्हापूर विभागीय केंद्र व त्याखालची अभ्यासकेंद्रं. अभ्यासकेंद्राचं कामच विद्यार्थ्याला सल्ला देणं, शिकवणाऱ्याशी गाठ घालून देणं आणि अभ्यासात मदत करणं हे आहे. प्रवेशाच्या दिवशीच संपर्क वर्गाचं वेळापत्रक, समन्वयकाचं नाव आणि स्वाध्याय (घरी लिहून द्यायची उत्तरं) जमा करायची तारीख लिहून घ्या. स्वाध्याय हलक्यात घेणाऱ्यांची गोची होते. अंतर्गत मूल्यमापनाला ३० टक्क्यांपर्यंत गुण असतात, उरलेले सत्रान्त परीक्षेला. कामाच्या गडबडीत स्वाध्याय राहिला की लेखी परीक्षेत चांगलं लिहूनही निकाल राखून ठेवला जातो. तो जमा करताना पोच घ्या आणि पहिल्या पानाचा फोटो काढून ठेवा.

तक्रार तोंडी करू नका. अर्जाच्या दोन प्रती घ्या, त्यावर पीआरएन, म्हणजे विद्यापीठानं दिलेला कायम नोंदणी क्रमांक, लिहा, एक प्रत आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. उत्तर आलं नाही तर यूजीसीच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांनुसार विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे जा. समितीनं १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. गुणांबद्दल शंका असेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून स्वतःच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागा. तो हक्क सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच मान्य केला आहे. आवक क्रमांकाचा कागद हातात असला की टेबलापलीकडचा माणूस वेगळा बोलतो.

वाचायला पुस्तकं नाहीत, असं कोल्हापुरात तरी कुणी म्हणू नये. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय, बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र आहे, तिथल्या प्रवेशाचे नियम दूरशिक्षणाच्या ओळखपत्रावर विचारून घ्या. 'स्वयम' हे सरकारी ऑनलाइन वर्गांचं पोर्टल आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय फुकट आहेत. चंदगड-गडहिंग्लजहून रविवारच्या वर्गाला येणाऱ्या बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहेच. परीक्षेच्या ताणानं झोप उडत असेल तर टेलिमानस, १४४१६, हा सरकारी नंबर आहे, तोही फुकट.

लग्नानंतरच्या नावाचा मुद्दा मेसेजनं भीती घालायला वापरलाय, पण अडचण खरी आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. एबीसी आयडी नाव आधारवरून उचलतो, विद्यापीठ गुणपत्रिकेवरून. दोन्ही जुळत नाहीत म्हणून अर्ज अडकतो, पण तो बाद होत नाही. घाबरून आधी आधार बदलायला धावू नका, कारण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढा. ते महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत मिळतं. शक्य असेल तर नावबदलाची शासन राजपत्रात प्रसिद्धी करून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो. हे कागद प्रवेश अर्जाला जोडा आणि पदवीवर कुठलं नाव छापणार ते लेखी विचारा. एक नाव ठरलं की पीआरएन, परीक्षा अर्ज आणि बँक खातं या सगळीकडं तेच, त्याच क्रमानं लिहा. आपल्या जुन्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी असतं आणि आधारवर शेवटी. नुसत्या या उलटापालटीनंही अर्ज अडतात. कुणी प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प आणायला सांगितलं तर थांबा. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे.

शिष्यवृत्तीचं उत्तर सरसकट हो नाही आणि सरसकट नाहीही नाही. अनुसूचित जातींच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर योजनेत दूरशिक्षणाचे विद्यार्थी बसतात. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. मात्र २०२४ मध्ये राज्यानं मुलींना जी पूर्ण फी माफी दिली, ती केंद्रीभूत प्रवेशानं होणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, दूरशिक्षणाच्या बी.ए.ला नाही. तिच्या नावानं कुणी 'फॉर्म भरून देतो' म्हणत पैसे मागत असेल तर देऊ नका. पैसे मंजूर होऊनही खात्यात न येण्याचं नेहमीचं कारण एकच असतं. रक्कम आधारला जोडलेल्या खात्यात जाते, आणि जोडलेलं खातं अर्जात लिहिलेलंच असतं असं नाही. बहुतेकांची दोन-तीन खाती असतात. कुठलं जोडलंय ते बँकेत आधीच विचारा.

लेखनिकाबद्दल मेसेज धादांत खोटं बोलतो. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लिहिताना अडचण असलेल्या दिव्यांग परीक्षार्थीला लेखनिकाची सोय आहे, आणि दर तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असलं, पण लिहिताना अडचण असली, तरी ही सोय मागता येते. त्याला वैद्यकीय दाखला लागतो. लेखनिक स्वतःचा आणायचा असेल तर त्याच्या शिक्षणाची अट आधी विचारून घ्या. संस्थेनं दिला तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटून पारखायचा हक्क आहे. ही मागणी परीक्षा अर्जासोबतच लेखी करा, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) प्रत जोडा आणि आवक क्रमांक घ्या. पेपरच्या सकाळी केंद्रप्रमुखासमोर मागणी केली तर नकार मिळतो, आणि मग मेसेज लिहिणाऱ्यांना आणखी एक मुद्दा मिळतो.