‘रॅकच घ्या’ म्हणणाऱ्यांनी आधी केबल जोडून दाखवावी

की-बोर्ड वाजवणाऱ्यांच्या ग्रुपांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. रोलंड कंपनीचा जुना एक्सपी-५० किंवा एक्सपी-८० की-बोर्ड शोधत बसू नका, तेच मशीन जेव्ही-१०८० नावाच्या रॅकमध्ये, म्हणजे बिनपट्ट्यांच्या चपट्या डब्यात, निम्म्या पैशात मिळतं, असं त्याचं म्हणणं. पुढे पाच मुद्दे. आतलं सगळं तेच आहे. उलट रॅकचा आवाज जास्त जाड, कारण तो स्टुडिओसाठी बनवलेला. कुठलाही स्वस्त यूएसबी की-बोर्ड घ्या, एक यूएसबी-मिडी केबल लावा, झालं काम. रॅकला पट्ट्याच नाहीत, म्हणजे बिघडायला काही नाही. आणि जपानहून थेट मागवलात तर आणखी स्वस्त. शेवटी ‘सर्व कलाकार बांधवांपर्यंत पोहोचवा’.

पोहोचवला लोकांनी. माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला आणि त्याने ऐन लग्नसराईच्या तोंडावर उत्तम चालणारा एक्सपी-५० विकून टाकला. ‘मावशी, बरोबर केलं ना?’ हे विचारायला फोन आला तो विकल्यानंतर. तेव्हा हे लिहिताना माझा सूर फार गोड असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

ज्यांना ही नावं नवी आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. जेव्ही-१०८० हे रोलंडचं १९९४ चं मॉड्यूल. दोन युनिट उंचीचं, म्हणजे साधारण नऊ सेंटिमीटर, बिनपट्ट्यांचं. एक्सपी-५० त्याच घराण्यातला की-बोर्ड, १९९५ चा, ६१ पट्ट्यांचा. एक्सपी-८० त्यानंतरच्या वर्षी आला, ७६ पट्ट्यांचा. आपल्याकडे ऑर्केस्ट्राच्या आणि हळदीच्या स्टेजवर एक्सपी मालिकेने इतकी वर्षं काढली आहेत की ‘एक्सपीचे टोन’ म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही. साउंडवाल्यालासुद्धा.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण माणूस फसतो तो तिथे.

जेव्ही-१०८० च्या पाठीला यूएसबी नाही. असणार कुठून? ते यायला आणखी दोन वर्षं होती. तिथे पाच पिनांची तीन गोल भोकं आहेत: मिडी इन, आउट आणि थ्रू. मिडी म्हणजे कुठली पट्टी किती जोराने दाबली हे एका वाद्याने दुसऱ्याला सांगायची भाषा. आज दुकानात मिळणाऱ्या स्वस्त कंट्रोलरांपैकी, म्हणजे स्वतःचा आवाज नसलेल्या नुसत्या पट्ट्यांच्या की-बोर्डांपैकी, बऱ्याच जणांना पाच पिनांचं आउटपुटच नसतं, फक्त यूएसबी असतं. आता मेसेजवाला म्हणतो ती ‘यूएसबी-मिडी केबल’ घ्या. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला दोन गोल प्लग, मधे एक छोटी डबी. ही केबल संगणकाला जुनं मिडी वाद्य जोडण्यासाठी बनवलेली आहे. यूएसबीत एक बाजू होस्ट असावी लागते. ती वीज देते आणि बोलणं सुरू करते. कंट्रोलर होस्ट नाही. ती डबीही होस्ट नाही, ती स्वतः संगणकाची वाट बघत असते. त्यातून कंट्रोलरचं भोक वेगळ्या आकाराचं, केबलचं टोक वेगळ्या आकाराचं, त्यामुळे दोन्ही एकमेकांत जातसुद्धा नाहीत. भाच्याने हट्टाने मधे एक कन्व्हर्टर आणून घातला. कंट्रोलर गप्प, मॉड्यूल गप्प, आणि घरात सगळे त्याच्याकडे बघतायत. मेसेज लिहिणाऱ्याने ही जोडणी एकदा तरी करून पाहिली होती का, एवढंच मला विचारायचंय.

मार्ग आहेत, नाही असं नाही. पाच पिनांचं मिडी आउट असलेला कंट्रोलर घ्यायचा. किंवा यूएसबी-मिडी होस्ट नावाचं वेगळं उपकरण मधे लावायचं. किंवा स्टेजवर लॅपटॉप न्यायचा. पण यातल्या प्रत्येकाला पैसे पडतात, शिवाय रॅक बसवायला खोक्यासारखी पेटी हवी, पेटीला टेकवायला जागा हवी, आणि विजेचे पॉइंट एकाऐवजी दोन-तीन. ‘निम्मी किंमत’ इथेच संपते.

समजा जोडलं. आता वाजवा. जेव्ही-१०८० ला पेडलचं भोक नाही, पेडल कंट्रोलरलाच लागणार. स्वस्त कंट्रोलरला एक सस्टेन मिळतं, व्हॉल्यूम पेडलची सोय अनेकदा नसतेच. एक्सपी-५० ला आफ्टरटच आहे, म्हणजे पट्टी दाबून धरल्यावर आणखी जोर दिला की आवाज हलतो. स्वस्तातल्या कंट्रोलरांमध्ये पहिली कात्री यालाच लागते. आणि बेंडर! रोलंडची ती एकच दांडी: डावी-उजवीकडे नेली की सूर सरकतो, पुढे ढकलली की मॉड्युलेशन, म्हणजे आवाजाला कंप, सोडली की आपसूक मध्यावर. सनई, बासरी, सारंगीचे टोन वाजवणारे आपले वादक सगळी मींड डाव्या हाताने या दांडीवर काढतात. वर्षानुवर्षं त्या दांडीवर बसलेला हात उचलून एखाद्या स्पर्शपट्टीवर ठेवा आणि ‘सूर तोच आहे’ म्हणून सांगा. सूर तोच असेल. मींड येणार नाही.

टोन बदलायचं घ्या. लावणी संपली, निवेदक दोन वाक्यं बोलतोय, पुढे कोळीगीत. एक्सपीवर बटण हाताखाली असतं. रॅक बाजूला पेटीत, अंधारात, गुडघ्याच्या उंचीवर. कंट्रोलरवरून बदलायचं म्हटलं तर बँक, म्हणजे टोनांचा गट, सांगण्यासाठी आधी कंट्रोल चेंज ०, मग ३२ हे मिडीचे हुकूम, मग टोन निवडणारा प्रोग्राम चेंज. जेव्हीच्या प्रीसेट ए बँकेसाठी हे आकडे ८१ आणि ० आहेत. घरी बसून हे सगळं कंट्रोलरच्या मेमरीत भरून ठेवता येतं, जर कंट्रोलरला तशी मेमरी असेल तर. स्प्लिट (पट्ट्या दोन टोनांत वाटणं) आणि लेअर (दोन टोन एकत्र वाजवणं) यांचं तेच. करता येतं सगळं. पण ‘झालं काम’ म्हणणाऱ्याने यातलं काहीच सांगितलेलं नाही.

आता ‘आतलं सगळं तेच’. इथे मला थोडं मान्य करावं लागेल, आणि ते मी करते. रोलंडच्या साइटवर दोन्ही मशीनची मॅन्युअलं फुकट मिळतात. शेवटच्या पानांवर स्पेसिफिकेशन असतं, ते शेजारी-शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत एका वेळी वाजणारे ६४ आवाज, वेगवेगळे टोन एकत्र चालवणारे १६ पार्ट, तेच ४४८ मूळ वेव्हफॉर्म (आवाजांचे कच्चे नमुने), ४० प्रकारचे इफेक्ट, आणि एसआर-जेव्ही८० मालिकेची, नवे आवाज देणारी एक्स्पान्शन कार्डं बसवायला चार जागा. आवाज निर्माण करणारा भाग खरोखरच एक आहे. या एका बाबतीत मेसेज बरोबर आहे.

पण तीच पानं पुढे वाचायची होती. एक्सपी-५० मध्ये १६ ट्रॅकचा, ६०,००० नोट्स मावणारा सिक्वेन्सर, म्हणजे वाजवलेलं साठवून पुन्हा वाजवणारा भाग, आहे आणि फ्लॉपी ड्राइव्ह आहे. जेव्हीत दोन्ही नाहीत. एक्सपी-८० वर मोठा ग्राफिक पडदा आणि अर्पेजिएटर (धरलेले सूर आपोआप एकामागोमाग वाजवणारा) आहे, जेव्हीवर दोन ओळींची खिडकी. उलट जेव्हीला सहा आउटपुट आहेत, एक्सपी-५० ला तेवढे नाहीत, आणि जेव्हीच्या पुढच्या बाजूला जास्तीचे आवाज देणाऱ्या पीसीएम कार्डाची खाच आहे. म्हणजे आवाज एक, पण मशीन दोन. स्टेजवर आपल्याला मशीन वाजवायचं असतं.

यातून कुणी ‘रॅक म्हणजे तेच, पट्ट्या वजा’ असा सरसकट नियम काढणार असेल तर त्याने रोलंडचंच जेडी घराणं बघावं. जेडी-८०० हा १९९१ चा की-बोर्ड, अंगभर स्लायडर, जवळजवळ प्रत्येक गोष्टीला एक. त्याचा रॅक भाऊ जेडी-९९० आला १९९३ मध्ये, आणि तो चक्क जास्त शिकून आला: जास्त वेव्हफॉर्म, आवाज घडवायच्या ऑसिलेटर सिंक आणि रिंग मॉड्युलेशन या नव्या तऱ्हा, एक्स्पान्शन कार्डाची जागा, आठ आउटपुट. स्लायडर मात्र गेले. यामाहाच्या टीएक्स७ चं याच्या उलट. आत यामाहाचाच पूर्ण डीएक्स७ की-बोर्ड, पण आवाज घडवायचा तर समोर खरा डीएक्स७ किंवा संगणक हवाच. कॉर्गच्या वेव्हस्टेशनची तर ओळखच जॉयस्टिक, चार आवाजांच्या मधे फिरवायची. १९९२ च्या वेव्हस्टेशन एसआर या एक युनिटच्या रॅकमध्ये तीच काढून टाकली. तेव्हा प्रत्येक जोडी वेगळी बघावी लागते. एका ओळीत मावणारं उत्तर इथे नाहीच.

‘रॅकचा आवाज जाड’ यावर मी फार वेळ घालवणार नाही. वेव्हफॉर्म तेच, इफेक्ट तेच, हे वर आलंच. मग लोकांना फरक ऐकू येतो तो कसला? बहुतेक वेळा पट्ट्यांचा. या घराण्यातल्या एका पॅचमध्ये, म्हणजे साठवलेल्या टोनमध्ये, चारपर्यंत थर असतात, आणि कुठला थर किती जोराने वाजवल्यावर उघडायचा, फिल्टर किती खुलायचा, हे पट्टीवरच्या आघाताला बांधलेलं असतं. मिडीवर हा आघात १ ते १२७ या आकड्यांत जातो. एखादा कंट्रोलर हलक्या हातालाही ११० पाठवत असेल तर सगळंच भारदस्त वाटणार. दुसरा ८० च्या वर जायलाच तयार नसेल तर तेच मशीन मरतुकडं वाटणार. सेकंडहँड एक्सपीमध्ये आधीच्या मालकांनी पॅच बदलून ठेवलेले असतात, तोही एक भाग. आणि चार थरांचा पॅच एका सुराला चार आवाज खातो, म्हणजे ६४ आवाजांचे सूर होतात १६. हे रॅकलाही चुकत नाही. स्टुडिओचा खरा फायदा त्या सहा आउटपुटचा: ढोलकी एकीकडे, बेस एकीकडे, मिक्सरवर वेगळा हात मारता येतो. हळदीच्या मांडवात साउंडवाला तुम्हाला दोन चॅनेल देतो, कधी कधी एकच.

‘रॅक बिघडत नाही.’ अर्धं खरं, आणि ते अर्धं कबूल करायला मला जड जातंय. की-बोर्डमध्ये सगळ्यात जास्त झिजतं ते पट्ट्यांखालचं रबर. त्यात धूळ-घाम गेला की एखादी पट्टी मुकी होते नाहीतर एकदम किंचाळते. रोलंडच्या त्या काळातल्या काही की-बोर्डांची आणखी एक कीर्ती आहे. जेडी-८०० आणि डी-७० मध्ये पट्ट्यांखालची वजनं ज्या लाल गोंदाने चिकटवली होती तो कालांतराने पाघळून खाली उतरतो आणि पट्ट्या चिकटतात. जेडी-९९० घेणाऱ्याला हा ताप नाही, हे खरंच. पण रॅकलाही बटणं असतात, गोल फिरवायचा नॉब असतो, पडद्यामागचा दिवा असतो, आणि आत मेमरी सांभाळणारा सेल असतो. तो संपला की तुम्ही भरलेले युजर पॅच गेले. शिवाय रॅकच्या पट्ट्या बिघडत नाहीत कारण त्या तुमच्या कंट्रोलरमध्ये आहेत. तिथे त्या बिघडतील. एक्सपीचं रबर साफ करणारा मेकॅनिक तरी सापडतो, स्वस्त कंट्रोलर उघडायला कुणी बसत नाही.

जपानचं मात्र गंभीर आहे. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची. आपल्याकडे २३०. त्या काळातली ही मशीन ज्या देशासाठी बनली त्या देशाच्या व्होल्टेजला कारखान्यातूनच बांधलेली असतात, मोबाइलच्या चार्जरसारखी कुठेही चालत नाहीत. मागच्या पट्टीवर आकडा छापलेला असतो. १०० लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय प्लग घालू नका. तो ट्रान्सफॉर्मर प्रत्येक कार्यक्रमाला बरोबर न्यावा लागतो, आणि मांडवात घाईघाईत दुसऱ्या कुणी ती वायर थेट बोर्डात घातली तर संपलं. हे एक्सपीलाही तितकंच लागू आहे. पण मागवा म्हणून सांगणाऱ्याने हे एक वाक्य लिहायचं विसरावं?

रॅकशी माझं वैर नाही. एक चांगला की-बोर्ड हाताशी असेल तर दुसरं मशीन रॅकच असावं. एक्सपी-५० च्या मिडी आउटमधून एक साधी पाच पिनांची केबल जेव्हीच्या मिडी इनमध्ये, आणि तुमच्याकडे १२८ आवाज आणि कार्डांसाठी आठ जागा झाल्या. पट्ट्या, बेंडर, पेडल सगळं ओळखीचं, आणि कार्डंही दोन्हींत तीच बसतात. भाच्याला हेच सांगितलं असतं, विचारलं असतं तर.

आणि जो घरी संगणकापुढेच बसून काम करणार आहे, त्याच्यासाठी रोलंडने जेव्ही-१०८० सॉफ्टवेअर म्हणून रोलंड क्लाउड या आपल्या ऑनलाइन सेवेवर ठेवलेला आहे. त्याला जपानचा ट्रान्सफॉर्मर लागत नाही, पेटी लागत नाही, आणि तिथे तो स्वस्त यूएसबी कंट्रोलर जसा आहे तसा चालतो, कारण समोर होस्ट म्हणून संगणक असतो. मेसेजमधली जोडणी चालते ती एवढ्याच एका ठिकाणी, आणि तिथे रॅक लागतच नाही.