एक जूनला जन्मलेलं अख्खं गाव

तो मेसेज आधी दोनदा आला होता, दोन्ही वेळा मी न वाचताच उडवला. तिसऱ्यांदा तो ताईने पाठवला. खाली एकच ओळ: ‘आता पालक हेच दाखवायला लागलेत.’ ताई शाळेत इतिहास शिकवते. आठवीच्या पोरांकडून ती शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या पोरांच्या नोंदींची वही, वाचून घेते आणि त्यातून गावाबद्दल काय कळतं ते शोधायला लावते. मेसेजचं म्हणणं असं: इतिहासात आधी सनावळ्या पाठ हव्यात, गावाचा इतिहास म्हणजे पारावरच्या गप्पा, आणि जुना सरकारी कागद कधी खोटं बोलत नाही. त्यावर शंका घ्यायला शिकवलं की मुलं उद्या कशावरच विश्वास ठेवणार नाहीत.

शेवटच्या मुद्द्यापासूनच धरतो, कारण खरा घातक तोच आहे.

त्या रजिस्टरमध्ये जन्मतारखेचा रकाना आहे. पोरं बोट ठेवून खाली खाली वाचत गेली: 1 जून, 1 जून, 1 जून. मधेच एखादी वेगळी तारीख, की पुन्हा 1 जून. आधी हसली. मग एकजण म्हणाला, ‘बाई, माझ्या आजोबांचापण एक जूनच.’ पुढचं ताईला फारसं सांगावंच लागलं नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, घरी जन्माची नोंद नसायची. गुरुजी पोराकडे बघून अंदाजाने वर्ष लिहायचे आणि पुढे 1 जून टाकून मोकळे व्हायचे. (मेसेज आमच्या ग्रुपवर टाकणाऱ्या काकांचा वाढदिवसही 1 जूनलाच असतो. आजी सांगायची, हा पोळ्याला झाला.)

मग काय, पोरांनी रजिस्टर फेकून दिलं? उलट रकाना रकाना वेगळा तपासला. जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने लिहिली, पण दाखल झाल्याची तारीख? तेव्हा पोरगं समोर उभं होतं, म्हणजे ती बरीच भरवशाची. शाळा सोडल्याचं कारण? ते कुणी सांगितलं, बापाने की गुरुजींनीच ठरवलं? कोणत्या रकान्यावर किती विसंबायचं हे ज्याला कळतं, तो आलेला मेसेज पुढे ढकलण्याआधी निदान थांबतो तरी. मेसेज लिहिणाऱ्याची अडचण बहुधा तीच असावी.

‘गप्पा’ हा मुद्दा दोन ओळींत संपतो. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1898 मध्ये काढला, तो घरोघरच्या दप्तरांतल्या, म्हणजे जपून ठेवलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांतल्या पत्रांवर. बखरींपेक्षा त्या काळातलं पत्र जास्त भरवशाचं, हा त्यांचा आग्रह होता. ती दप्तरं कुणाच्या तरी गावातलीच होती ना?

राहिल्या सनावळ्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या पाच सरकारी शाळांत अकरावीच्या 236 मुलांवर संशोधक अ‍ॅबी रीझमन यांनी सहा महिन्यांचा प्रयोग केला, तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. काही वर्गांत मूळ कागदपत्रांवरून इतिहास शिकवला, बाकीच्यांत नेहमीसारखा. कागदपत्रंवाली मुलं ऐतिहासिक विचारात, म्हणजे कागद कुणी, कधी लिहिला हे तपासण्यात, पुढे गेली हे ठीक, पण माहिती लक्षात राहण्यातही तीच पुढे होती. म्हणजे ज्या सनावळ्यांसाठी एवढा गळा काढलाय, त्यासुद्धा.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. पोरांपुढे कागदांचा गठ्ठा टाकून ‘शोधा’ म्हटलं तर काही होत नाही, नुसता गोंधळ होतो. रीझमनच्या वर्गांतही आधी पार्श्वभूमी सांगत, एक नेमका प्रश्न देत आणि मोजकेच, सोपे करून घेतलेले कागद वाचायला देत. ताईनेही पूर्ण रजिस्टर वर्गात नेलेलं नाही. चार पानांच्या झेरॉक्स, त्यावरची नावं आणि जातीचा रकाना कागद चिकटवून झाकलेला. पुढच्या आठवड्यात शाळा सोडल्याच्या तारखा महिन्यांप्रमाणे मांडायच्या आहेत, सुगीत किती पोरं गळाली ते बघायला.