सहाशे रुपये? वेड लागलंय का!

गाडीचा विमा संपत आला की एजंटाचा फोन येतो. थर्ड पार्टी, ओन डॅमेज, नो क्लेम बोनस ही नेहमीची आरती म्हणून झाली की तो हळूच तबक पुढे करतो, "साहेब, रोडसाइड असिस्टन्स पण टाकू का? गाडी रस्त्यात बंद पडली की मदत येते. वर्षाचे सहाशेच्या आसपास होतील." इथे डगमगायचं नाही. ठाम आवाजात "नको" म्हणा. मागच्याच महिन्यात तुम्ही सीट कव्हरांवर नऊ हजार घातलेत, तेव्हा आता काटकसर कुठून तरी सुरू करायलाच हवी.

मुळात आपली गाडी बंद पडत नाही. बंद पडतात त्या दुसऱ्यांच्या. शिवाय दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू चिरडतो. तेही वार्षिक कव्हरच आहे, दसरा ते दसरा, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी नाही.

आणि "फुल इन्शुरन्स" तर आहेच. फुल म्हणजे फुल! पॉलिसी उघडून वाचू नका, उगाच मन खट्टू होतं. त्यात लिहिलेलं असतं की यांत्रिक किंवा विजेचा बिघाड आणि नेहमीची झीज यांची भरपाई मिळणार नाही. गाडी गॅरेजपर्यंत ओढून न्यायचे पैसे मिळतात, पण ते अपघात झाला तर, आणि कारच्या नेहमीच्या पॉलिसीत १५०० रुपयांपर्यंत. म्हणजे घाटात नुसती रुसून बसलेली गाडी कंपनीच्या लेखी ठणठणीत आहे. टोचनाचे पैसे हवे असतील तर तिने आधी कठड्यावर डोकं आपटून घ्यायला हवं.

त्यातून काही झालंच, तर आपला ओळखीचा मेकॅनिक असतो. तो डोंबिवलीत आणि आपण पोलादपूरच्या पुढे, एवढाच काय तो फरक. फोनवर तो म्हणतो, "साहेब, जरा सेल मारा, आवाज ऐकवा." आपण मोबाइल बॉनेटखाली धरतो, आतून बायको सेल मारते, मागून एसटी हॉर्न देत जाते. "हां, समजलं," तो म्हणतो, "गाडी इकडे घेऊन या, बघतो."

हे मी अनुभवाने सांगतोय. कशेडीचा बोगदा व्हायच्या आधीची गोष्ट. गणपतीच्या आदल्या दिवशी अख्खी मुंबई घाट चढत होती, पहिल्या गियरात, एसी लावून. काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. सौंच्या मांडीवर मखराचा खोका, पायाशी नारळांची पिशवी. मेहुण्याने उतरून ताबा घेतला. गाडीचं त्याला काही कळत नाही, पण आवाज मोठा आहे. तापलेल्या रेडिएटरचं झाकण तो हाताने उघडायला निघाला होता, ते एका ट्रकवाल्याने ओरडून थांबवलं, नाहीतर उकळतं पाणी थेट तोंडावर आलं असतं. मग मेहुण्याने उरलेला पराक्रम रस्त्यावर केला. करवंदीची फांदी तोडून गाडीमागे टाकली आणि तीन दगड ओळीने मांडले. लाल त्रिकोण डिकीत होता. प्लॅस्टिकमधून काढला तर नवेपणा जातो, म्हणून तो तसाच ठेवलाय.

राष्ट्रीय महामार्गावर अडलात तर १०३३ हा मदतीचा नंबर आहे. फुकट असल्यामुळे तो आम्हा पाचांपैकी एकालाही पाठ नव्हता. क्रेनवाला आपणहून आला. अशा वेळी ते येतातच, गिधाडांना कुणी फोन करत नाही. खेडपर्यंतचे त्याने चार हजार सांगितले. मी कसला ऐकतोय! भर पावसात पाऊण तास घासाघीस करून ३८०० वर आणला. सहाशेतले दोनशे तिथल्या तिथे वसूल.

आता ज्यांनी कव्हर घेतलंय त्यांचंही काही फार बरं चाललंय असं समजू नका. आमच्या शेजाऱ्यांनी ताम्हिणीतून फोन लावला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, जवळचा लँडमार्क सांगा." "डोंगर." "सर, डोंगराच्या समोर काय आहे?" "दुसरा डोंगर." मग तिने पिनकोड विचारला. गाडी आली मात्र, अडीच तासांनी. ठरावीक किलोमीटरपर्यंत ओढणं फुकट होतं, त्यापुढच्या प्रत्येक किलोमीटरचा हिशेब वेगळा. म्हणून कव्हर घ्यायचंच झालं तर फुकटाची हद्द किती, गाडी कोणत्या गॅरेजात नेणार, वर्षातून किती वेळा बोलावता येईल, असले प्रश्न एजंटाला विचारू नका. बॅटरीला जंप देतील, पण नवी बॅटरी आपल्या खिशातून. पेट्रोल आणून देतील, त्याचे पैसे बहुधा आपलेच. एवढं विचारलं की एजंटाला वाईट वाटतं, आणि त्यालाही पॉलिसी वाचावी लागते.

रस्त्यात अडलेल्या गाड्यांना मदत करते म्हणून आज नावाजलेली इंग्लंडातली ऑटोमोबाइल असोसिएशन १९०५ साली निघाली ती सुसाट जाणाऱ्या गाडीवाल्यांना पुढे पोलीस दबा धरून बसलेत हे कळवायला. ते काम आपल्याकडे समोरून येणारा कुणीही डिपर मारून फुकट करतो. तेव्हा साहेबाचं कौतुक मला सांगू नका.

हल्ली काही लोक नवीनच शंका काढतात. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही, इलेक्ट्रिक गाडी दोरी बांधून ओढायची नसते, तिला फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक लागतो. २०२० पासून तर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या गाड्यांना नियमाने स्टेपनीही सक्तीची नाही. असू दे. धक्का मारायला चार माणसं उतरली की गाडीला लाज वाटून ती सुरू होते, यावर माझा अजून विश्वास आहे.

तर खेडला गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट बदलला. काच पुसणारा पोऱ्या मध्येच थांबला आणि म्हणाला, "काका, हा नंबर आहे ना इथे, फोन का नाही लावला?" काचेच्या कोपऱ्यात 'श्री गजानन प्रसन्न'च्या खाली अर्धा झाकलेला एक निळा स्टिकर होता. चोवीस तास मदत. एजंटाने त्या वर्षी मला न विचारताच कव्हर टाकलं होतं, आणि मी न वाचताच पैसे भरले होते. मेहुणा काही बोलला नाही. त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

पाच दिवसांनी परतताना त्याच वळणावर आमची फांदी सुकून पडली होती. तिन्ही दगड मात्र जागच्या जागी, आणि एक मोटरसायकलवाला त्यांना कसाबसा चुकवत शिव्या घालत होता. मी म्हटलं, "उतरून बाजूला करू या का?"

"राहू देत भाऊजी," मेहुणा म्हणाला, "पुढच्या वर्षी लागतील."