शीट दिसते कशी ते नंतर, आधी माझे आकडे धड ठेवते का ते सांगा

आज ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ऑनलाइन स्प्रेडशीटची तुलना टाकली. टेम्प्लेट किती, चार्ट किती देखणे, एआयचं बटण कुठे. दिले गुण, झाले मोकळे! टाकलेला आकडा तसाच राहतो का, यावर एक ओळ नाही. डोकंच फिरलं.

आमच्या टीममधल्या ताईंनी मागे नोंदणी क्रमांकांची मोठी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर) अशाच एका शीटमध्ये चढवली. क्रमांक १६ अंकी. बहुतेक शीट १५ अंकांपर्यंतच नंबर नीट धरतात, पुढे शून्य. झालं, प्रत्येक क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य! काही माणसं तर एकाच क्रमांकावर आली. लाल खूण नाही, इशारा नाही, वर ऑटोसेव्ह. व्हर्जन हिस्टरीचं, म्हणजे फाइलच्या जुन्या प्रती जपून ठेवण्याचं, एवढं कौतुक, पण तिथलं पहिलं व्हर्जनच बिघडलेलं, मग मागे जाऊन मिळणार काय?

‘कॉलम आधी प्लेन टेक्स्ट करायचा होता’, म्हणजे आकडा न समजता साधा मजकूर म्हणून ठेवायचा होता, असं म्हणणारे येतीलच. बरोबर आहे. पण हे माहीत नसलेल्या माणसाला शीटने विचारायला नको? ताई त्या दिवशी जेवल्यासुद्धा नाहीत, कागदावरून एकेक क्रमांक पुन्हा भरत बसल्या.

आणि हे नवशिक्यांपुरतंच नाही. एक्सेल ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशा जीन्सच्या (जनुकांच्या) नावांची तारीख करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जीन्सचीच नावं बदलली, ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन१’. सॉफ्टवेअर हटेना म्हणून विज्ञानाने माघार घ्यायची! संताप येतो मला.

असो. एकाच फाइलवर चार जण एकदम काम करतात, ही सोय मोठीच आहे, नाही म्हणत नाही. गूगल शीट्स २००६ मध्ये आलं, तोवर आपण ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘खरी फायनल’ अशा फाइली मेलवर फिरवत होतो. ते दिवस परत नकोत. ही शीट बनवणाऱ्यांनी खरंच कष्ट घेतलेत.

म्हणून तर तुलना नीट करा. ००७ टाइप करा, शून्यं जाऊन नुसते ७ उरतात का पाहा. १६ अंकी नंबर पेस्ट करा. सूत्रं असलेली फाइल चढवा, एक्सएलएसएक्समध्ये (एक्सेलच्या फाइल प्रकारात) उतरवा, पुन्हा उघडा आणि बेरजा ताडून बघा. मॅक्रोवर, म्हणजे ठरावीक कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, काम चालत असेल तर लक्षात ठेवा, वेबवरच्या एक्सेलमध्ये व्हीबीए (एक्सेलची प्रोग्रॅमिंग भाषा) मॅक्रो चालत नाहीत. गूगल शीट्समध्ये एका फाइलला १ कोटी सेलची मर्यादा आहे. डेटा स्वतःच्या सर्व्हरवर हवा तर लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरवर बेतलेलं कोलॅबोरा आहे, ओन्लीऑफिस आहे. ग्रुपवर टाकलेल्या त्या तुलनेत यांचं नावही नव्हतं.

ताईंसारखी माणसं असल्या याद्या वाचूनच शीट निवडतात हो. ज्यांनी ती तुलना टाकली त्यांनी निदान ००७ आणि १६ अंकी नंबर टाकून बघावा आणि यादी सुधारून पुन्हा टाकावी. दोन मिनिटांचं काम आहे.