हवामान कायदा करायचाय? घाबरू नका, काही बदलत नाही

गेल्या आठवड्यात हवामान कायद्याच्या मसुद्यावर 'विचारविनिमय' करायला बोलावलेल्या एका बैठकीत तीन तास बसून आलो. अकरा खात्यांची माणसं होती. 'समन्वय' हा शब्द मी चाळीसपर्यंत मोजला, मग नाद सोडला. शेवटी एकच प्रश्न विचारला: हवा तापवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन कमी करायचं उद्दिष्ट हुकलं तर जाब कुणाला विचारायचा? उत्तर मिळालं, "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे." काल इतिवृत्त हाती आलं. प्रश्न त्यात नाही. चर्चा मात्र फलदायी झाली म्हणे.

तर तिथे जे शिकलो ते तुमच्या पदरात टाकतो. उद्या मंत्री-सचिव झालात तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी उद्दिष्टाचं वर्ष लांबचं निवडा. २०५० चांगलं, २०७० त्याहून चांगलं. मधल्या वर्षांविषयी अवाक्षर काढू नका. ब्रिटनने २००८च्या कायद्यात नेमकी हीच चूक केली. दर पाच वर्षांत देशाने जास्तीत जास्त किती उत्सर्जन करायचं याचं 'कार्बन बजेट' ठरवायचं, तेही सुमारे बारा वर्षं आधी आणि संसदेच्या मंजुरीने. अशाने आजचंच सरकार अडकतं हो! पण मौनही बेताने पाळा. दक्षिण कोरियाने २०३१ ते २०४९ या काळाचे आकडे लिहिलेच नव्हते. ऑगस्ट २०२४मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ते घटनेशी विसंगत ठरवलं. अर्जदारांत लहान मुलं होती. मुलांना कायदे वाचायला देऊ नयेत ते यासाठीच.

मसुद्यात जिथे 'करील' दिसेल तिथे 'करू शकेल' लिहा.

खात्याचं नाव अधूनमधून बदला. ब्रिटनमध्ये ऊर्जा आणि हवामानाचं खातं २००८मध्ये जन्मलं आणि २०१६मध्ये विसर्जित झालं.

तज्ज्ञांचं स्वतंत्र मंडळ नेमाच, छायाचित्रात छान दिसतं. पण माणसं निवडून घ्या. ऑस्ट्रेलियात २०१३मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने हवामान आयोग बंद केला, तर त्याच मंडळींनी लोकांकडून वर्गणी जमवून तेच काम नव्या संस्थेतून सुरू केलं. तेव्हा मुळात अशीच माणसं नेमा, ज्यांच्यासाठी कुणी वर्गणी काढणार नाही.

आणि आता हुकमी एक्का, आंतरखाते समन्वय समिती. बारभाईंची खेती, काय लागेल हाती, असं जुने लोक म्हणायचे. त्यांना ती तक्रार वाटली, आपण तिची कार्यपद्धती करायची. कृती सोपी आहे. ज्या खात्याकडे सगळ्यात कमी पैसा आणि सगळ्यात कमी वजन, त्या पर्यावरण खात्याला 'नोडल', म्हणजे सगळ्यांची मोट बांधणारं खातं, म्हणा. ते पत्रं पाठवील, बाकीचे 'अभिप्राय निरंक' असं कळवतील. वीज कशापासून करायची ते ऊर्जा खातं ठरवणार, रस्ते की रेल्वे ते वाहतूक खातं, इंधनावरचं अनुदान अर्थ खातं, आणि उत्सर्जन कमी करणार कोण, तर पत्रं लिहिणारे! त्या समितीची उपसमिती, उपसमितीचा कार्यगट, कार्यगटाचा अहवाल पुन्हा समितीपुढे. घोंगडं भिजत ठेवायला याहून मोठा हौद नाही. जर्मनीने २०१९मध्ये हा हौद फोडायचा प्रयत्न केला. वाहतूक, इमारती, उद्योग अशा प्रत्येक क्षेत्राला वर्षागणिक मर्यादा घातली आणि ती ओलांडली तर त्या क्षेत्राच्या मंत्रालयाने तीन महिन्यांत तातडीचा कार्यक्रम द्यायचा, असं कायद्यातच लिहिलं. वाहतूक क्षेत्र २०२१मध्ये नापास. २०२२मध्ये नापास. २०२३मध्येही नापास. मग काय केलं असेल? २०२४मध्ये कायदाच बदलला! आता सगळ्या क्षेत्रांची गोळाबेरीज पाहायची. म्हणजे नापास पोराचे गुण वर्गाच्या सरासरीत ढकलले आणि पोराला वरच्या वर्गात. आमच्या बैठकीतही तेच. वाहतूकवाले म्हणाले हा ऊर्जेचा विषय, ऊर्जावाले म्हणाले अर्थ खात्याचा, अर्थ खात्याचे गृहस्थ मोबाइलमध्ये. शेतीवाले तर कधीच उठून गेले होते. अहो, मग हा विषय आहे तरी कुणाचा? अकरा माणसं तीन तास कशासाठी बसवली होती?

कोर्टाचं काय, विचाराल. कोर्टात कुणी जात नाही असं धरून चाला. नेदरलँड्सचं सरकारही तसंच धरून चाललं होतं, २०१९मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९०च्या तुलनेत २५ टक्के कपातीचा आदेश कायम करेपर्यंत.

पुरे. उपरोध करायलाही अंगात थोडी मजा शिल्लक लागते, ती त्या इतिवृत्ताने संपवली.

यात अवघड काय आहे? कोणत्या वर्षी किती, ते कुणी करायचं, आणि झालं नाही तर कुणी कुणापुढे उभं राहायचं. तीन ओळी! डेन्मार्कचा मंत्री दरवर्षी संसदेपुढे हिशेब देतो. ब्रिटनची तज्ज्ञांची स्वतंत्र हवामान समिती दरवर्षी प्रगतीचा अहवाल मांडते आणि सरकारला त्यावर उत्तर द्यावंच लागतं. केनियाने २०१६च्या कायद्यात हवामान परिषदेचं अध्यक्षपद थेट राष्ट्राध्यक्षांकडे दिलं, निदान तिथे 'निरंक' लिहायला कुणीही दोनदा विचार करील. यातला एकही कायदा निर्दोष नाही, पण कुणाची मान कुठे अडकते ते त्यात लिहिलेलं आहे. मसुदा लिहिणाऱ्यांनो, तुमच्या मसुद्यात प्रस्तावना चार पानं आणि जबाबदारी शून्य ओळी. तुम्हाला जमत नाही असं नाही, तुम्हाला करायचं नाही. आणि तुम्ही 'निरंक' लिहिलंत म्हणून हवेतलं काही निरंक होत नाही.

इतिवृत्त दुरुस्त करा. माझा प्रश्न त्यात घाला, 'सूचना' म्हणून नको, प्रश्न म्हणून. आणि त्याखाली एक नाव लिहा. खात्याचं नव्हे, माणसाचं.