निर्यातीचा आकडा म्हणजे उद्योगाची तब्येत नव्हे

‘शस्त्रनिर्यात वाढली की देशाचा संरक्षण उद्योग आपोआप सुदृढ होतो,’ हा दावा सध्या सर्रास फिरतो आहे. त्यामागे तीन कारणं दिली जातात: परदेशी गिऱ्हाइकांवर कारखाना चालतो, जास्त माल निघाल्याने आपल्या सैन्यालाही तो स्वस्त पडतो, आणि निर्यात हा स्वावलंबनाचा पुरावा असतो.

यातलं पहिलं कारण सर्वांत घातक आहे. ब्राझीलच्या एन्जेसा कंपनीच्या चिलखती गाड्या १९८०च्या दशकात अनेक देशांत विकल्या जात होत्या, इराक त्यातलं बडं गिऱ्हाईक. सौदी अरेबियावर डोळा ठेवून कंपनीने ओसोरिओ हा रणगाडा उभा केला. सौदीने पसंती दिली अमेरिकी अब्राम्सला, आणि ब्राझीलच्या लष्कराने एकही ओसोरिओ घेतला नाही. १९८८मध्ये इराण-इराक युद्ध थांबलं, मागणी आटली. १९९३मध्ये एन्जेसा दिवाळखोरीत निघाली. कमावलेलं कसब असं वाया जातं, याची मला खरोखर चीड येते. अमेरिकेत नॉर्थ्रॉपचं एफ-२० विमानही असंच संपलं. ते निर्यातीसाठीच बनवलं होतं. पण अमेरिकी हवाई दलानेच घेतलं नाही, मग बाहेरचे कशाला घेतील? १९८६मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला.

राफेलचं नेमकं उलटं झालं. पहिलं उड्डाण १९८६चं, पहिली परदेशी ऑर्डर २०१५ची, इजिप्तकडून. मधली जवळपास तीन दशकं हे विमान जगलं ते फ्रान्सच्या स्वतःच्या सैन्यदलांच्या जिवावर.

माल स्वस्त पडतो, हे काही अंशी खरं आहे. संशोधनाचा खर्च जास्त नगांवर विभागला जातो. पण आपल्या सैन्यालाही त्याची किंमत मोजावी लागते. २०२१मध्ये ग्रीस आणि क्रोएशियाला दिलेल्या राफेलपैकी २४ विमानं फ्रेंच हवाई दलाच्या ताफ्यातून काढून देण्याचं ठरलं. नवी येईपर्यंत कमी विमानांवर भागवायचं ते फ्रान्सनेच.

आणि स्वावलंबन? इस्रायलच्या क्फीर विमानात अमेरिकी जे-७९ इंजिन होतं. इस्रायलला २४ क्फीर इक्वाडोरला विकायची होती. १९७७मध्ये अमेरिकेच्या कार्टर सरकारने परवानगी नाकारली. तुर्कस्तानने २०१८मध्ये पाकिस्तानशी ३० ‘अटाक’ लढाऊ हेलिकॉप्टरांचा करार केला, पण इंजिनासाठी अमेरिकेचा परवाना मिळाला नाही आणि करार बारगळला. म्हणून निर्यातीचा आकडा कुणी पुढे केला, की आधी इंजिन कुणाचं आहे आणि स्वतःच्या सैन्याने किती नग घेतले आहेत, हे विचारा.