टॉवेलवाल्याला लिपस्टिकचा मेसेज

परवा रात्री साडेअकराला भाचीचा फोन. "मावशी, नव्व्याण्णव मेसेज गेले, एकाचंही उत्तर नाही. शंभरावा टाकू का?" म्हटलं, आधी झोप, आणि ज्याच्या नादानं हे करतीयेस ते मला पाठव.

पाठवलं. 'महिनाभरात पहिली ब्रँड डील : ६ गुपितं' या मथळ्याचा लांबलचक फॉरवर्ड. ब्रँड डील म्हणजे एखाद्या कंपनीसाठी आपल्या सोशल मीडियावर जाहिरात करायचं काम. सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, कॉलेजच्या ग्रुपवर आला होता, तेव्हा मी अंगठ्यानं वर ढकलला. आता घरातच शिरला म्हणून लिहितेय. सहा गुपितं थोडक्यात अशी : रोज शंभर ब्रँडना एकच मेसेज टाका, फॉलोअर दहा हजारांच्या आत असतील तर विकत घ्या, पहिले सहा महिने पैसे न घेता वस्तूंवर काम करा, पोस्टवर जाहिरात असल्याचं लिहू नका (लोकांचा विश्वास जातो), आगाऊ रक्कम मागू नका (ब्रँड पळतो), आणि उत्तर येईपर्यंत पाठ सोडू नका.

सोलापुरात बसून मी सात वर्षं हेच काम करते. त्यातली तीन वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं इन्स्टाग्राम माझ्याकडे होतं. म्हणजे पिच, अर्थात ब्रँडला कामासाठी टाकायचा प्रस्ताव, पाठवणारीही मी आणि दुसऱ्यांचे पिच उघडून वाचणारीही मीच.

शंभर मेसेजांपासून सुरू करू, कारण भाचीची झोप त्यानंच उडवली. कारखान्याच्या इनबॉक्समध्ये असले मेसेज रोजचेच. "डिअर टीम, आय लव्ह युअर ब्रँड." एकीनं तर "युअर लिपस्टिक शेड्स आर अमेझिंग" असं लिहिलं होतं. आधीच्या कुठल्या तरी ब्रँडला पाठवलेला मजकूर तसाच आमच्याकडे. मी मालकांना वाचून दाखवला. ते बशीत चहा ओतत होते. "टॉवेल ओठाला लावती का काय ही?" एवढंच म्हणाले. पण तेव्हापासून कुणाचाही पिच आला की त्यांचा प्रश्न ठरलेला : "ताई, लिपस्टिकवालीच का?" पुढे दोन-तीन खरंच बरे पिच आले होते. तेही त्यांनी याच खात्यात टाकले. ज्यांनी काही चूक केली नव्हती, त्यांचाही रस्ता त्या एका मेसेजनं बंद केला.

भाचीच्या नव्व्याण्णवांतले दहा मी उघडून बघितले. एक चाटी गल्लीतल्या चादरीच्या दुकानाला, एक पुण्याच्या दागिनेवाल्यांना, एक जुळे सोलापुरातल्या दाताच्या डॉक्टरांना. मजकूर एकच, आणि त्यात 'मी' अकरा वेळा. मी लाइफस्टाइल क्रिएटर आहे, मला फॅशन आवडते, मला तुमच्यासोबत काम करायला आवडेल. बाई, तुला आवडेल हे कळलं, पण दातांच्या डॉक्टरांनी काय करायचं? वर अनोळखी खात्यांना एकसारखे मेसेज धडाधड गेले की इन्स्टाग्राम ते स्पॅम धरतं आणि मेसेज पाठवण्यालाच काही काळ कुलूप लावतं. शंभरावा मेसेज कदाचित गेलाच नसता.

दुसऱ्या दिवशी मी तिला दुसरंच काम दिलं. एका टॉवेलवाल्याचं पेज उघड आणि फक्त कमेंटी वाच. (माझा जुना कारखाना नव्हे, उगाच वशिला नको.) तासाभरानं म्हणाली, "मावशी, सगळे एकच रडतायत, नवा टॉवेल पाणीच शोषत नाही." बरोबर. कारखान्यातून निघताना टॉवेलला मऊपणासाठी सॉफ्टनर दिलेलं असतं, त्यानं पाणी वरच्या वर राहतं. दोन-तीन धुण्यांत ते उतरलं की कापडावरचे धाग्यांचे लूप मोकळे होतात आणि टॉवेल पाणी ओढायला लागतो. टॉवेलवाल्याला हे पाठ असतं, गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. तिथं बसून तिनं चार ओळी लिहिल्या :

"नमस्कार. तुमच्या पेजवर दोन महिन्यांत चौदा जणांनी 'टॉवेल पाणी शोषत नाही' असं लिहिलंय. एकाच मापाचे दोन टॉवेल, एक कोरा आणि एक तीनदा धुतलेला, पाण्याच्या ताटात सोडून चाळीस सेकंदांची रील करता येईल. घरच्या टॉवेलांवर केलेला नमुना सोबत पाठवतेय. आवडला तर दर कळवते."

'मी' एकदाही नाही.

वेळेचं मात्र या फॉरवर्डमध्ये अक्षरही नाही, आणि अर्धे पिच तिथंच मरतात. हुरडा पार्टीवाल्याला जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पिच पाठवून काय उपयोग? शेकोट्या तेव्हा पेटलेल्या असतात. त्याला गाठायचं दिवाळी झाली की लगेच. गणवेशवाल्यांना जूनमध्ये मेसेज टाकणारेही मी पाहिलेत. त्यांचा माल तोवर पोरांच्या अंगावर असतो.

आता चौथं गुपित. बाकीची फार तर खुळचट आहेत, हे घातक आहे. 'जाहिरात असल्याचं लिहू नका.' केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २० जानेवारी २०२३ ला सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सरांसाठी 'एंडोर्समेंट नो-हाऊज' ही मार्गदर्शिका काढली. ब्रँडशी तुमचा काहीही लागाबांधा असेल तर तो पोस्टमध्येच, साध्या भाषेत, नजरेतून सुटणार नाही असा सांगायचा. लागाबांधा म्हणजे फक्त पैसे नव्हेत. सवलत, फुकट सहल, हॉटेलातला मुक्काम, वस्तूंची अदलाबदल, इतकंच काय, न मागता दारात येऊन पडलेलं पार्सलसुद्धा त्यात येतं. फोटो असेल तर फोटोवर लिहा, व्हिडिओ असेल तर लिहाही आणि बोलाही. हॅशटॅगच्या गर्दीत तळाला दडवलेलं चालत नाही. मागे उभा आहे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. शिवाय जाहिरातीत तोंड दाखवणाऱ्याला वर्षभर, आणि पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत, जाहिरात करायला बंदी. हा दंड माल बनवणाऱ्यावरही येतो. म्हणजे 'ही जाहिरात आहे असं मी दाखवणार नाही' हे पिचमध्ये लिहिणारी पोरगी त्या ब्रँडला आपल्यासोबत खड्ड्यात यायचं आमंत्रण देतेय. मी तर माझ्या पिचमध्ये उलट ओळ टाकते : 'पोस्टवर जाहिरात असा उल्लेख ठळक राहील.' मोठ्या कंपन्यांतले लोक ती वाचून निवांत होतात.

आणि कसला विश्वास जातो? आमच्या शेजारच्या काकू माझी कुठलीही रील बघून पहिलं विचारतात, "किती मिळाले गं याचे?" त्यांना सगळं कळतं.

फॉलोअर विकत घेण्याबद्दल जास्त लिहीत नाही. वीस हजार फॉलोअर आणि फोटोखाली नऊ लाइक, हे हिशेब ठेवणाऱ्या माणसाला पाच सेकंदांत दिसतं. काही एजन्सीवाले आधी आकडाच बघतात, हे मान्य. पण ब्रँडच्याच पेजवर आणि जाहिरातीत वापरायचे व्हिडिओ करून द्यायचे असतील, ज्याला सगळे यूजीसी (यूजर जनरेटेड कंटेंट) म्हणतात, तर तुमचे फॉलोअर चारशे असले तरी कुणाचं काही अडत नाही. तिथं नमुना बघतात.

वस्तूंवर काम करण्याचं अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करते. माझं पहिलं काम दोन किलो शेंगा चटणीवर झालं. घरात दोन महिने भाकरीबरोबर तीच, आणि त्या रीलच्या जोरावर तिसरं काम पैशाचं मिळालं. पण एक-दोनदा. सहा महिने नव्हे. आणि वस्तू म्हणजे फुकट, हाही गैरसमज. जुलै २०२२ पासून एका कंपनीनं वर्षात २० हजारांवरच्या वस्तू दिल्या आणि तुम्ही त्या ठेवून घेतल्या, तर त्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा कर, आहे. परत केल्या तर नाही. मिक्सर ठेवून घेताना हे कुणी सांगत नाही.

आगाऊ रकमेवर माझा आवाज चढतो. एका गिऱ्हाइकानं माझे पैसे सात महिने दाबून ठेवले होते. तेव्हापासून निम्मे आधी, आणि ठरलेलं सगळं ईमेलवर. ज्याला खरंच काम करून घ्यायचंय तो यानं पळत नाही, घासाघीस करतो. शिवाय उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून टाका, सरकारी पोर्टलवर फुकट होते. सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. नाही दिले तर चक्रवाढ व्याज, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट. बिलाखाली उद्यम क्रमांक छापल्यापासून मला स्मरणपत्रं कमी लिहावी लागतात.

राहिलं सहावं, पाठपुरावा. हे बरोबर आहे बाबा. पण आठवड्यानं एकदा, नवीन काही सांगण्यासारखं असेल तर. 'हाय मॅम, एनी अपडेट' सलग पाच दिवस पाठवणाऱ्या एकाला मी स्वतः ब्लॉक केलंय.

हे लिहीत असतानाच भाचीनं स्क्रीनशॉट पाठवला. टॉवेलवाल्याचं उत्तर आलंय, चार दिवसांनी. ना नमस्कार, ना छान. नुसतं "किती घेणार?"

खाली तिचा मेसेज : "मावशी, काय सांगू??"

फोन करते तिला.